संगणक नेमका कुठे थांबला?

लिनक्सवर चालणाऱ्या संगणकाची प्रणाली नव्या आवृत्तीवर नेली आणि त्यानंतर तो सुरूच होईना, ही तक्रार ऐकायला एकच वाटत असली तरी तिच्या मुळाशी असणारे बिघाड अनेक आणि परस्परांपासून अगदी भिन्न असतात. त्यांतला नेमका कोणता हे ठरवण्याचे सर्वांत भरवशाचे साधन म्हणजे संगणक ज्या टप्प्यावर थांबला तो टप्पा होय. चालू करण्याचे बटण दाबल्यावर प्रथम मदरबोर्डवरील फर्मवेअर जागे होते आणि डिस्कवरील बूटलोडर शोधते. बूटलोडर लिनक्सचा गाभा असलेला कर्नल आणि त्याच्या सोबतची एक लहान, तात्पुरती फाइलव्यवस्था मेमरीत आणून ठेवतो. कर्नल त्या तात्पुरत्या व्यवस्थेच्या मदतीने मूळ पार्टिशन, म्हणजे सारी प्रणाली जिथे साठवलेली असते तो डिस्कचा भाग, उघडतो. आणि अखेरीस सिस्टमडी ही व्यवस्थापक प्रक्रिया एकेक सेवा सुरू करत वापरकर्त्याला लॉगिनच्या पडद्यापर्यंत आणते. यांतला प्रत्येक टप्पा फसतो तो आपापल्या वेगळ्या रीतीने, त्यामुळे पडद्यावर शेवटी काय दिसले हे ज्याने नीट टिपून ठेवले किंवा मोबाइलवर त्याचे छायाचित्र घेतले त्याचे अर्धे काम तिथेच झालेले असते.

नव्या आवृत्तीवर जाणे ही मुळात एकच घटना नसते. डेबियन किंवा उबुंटू यांसारख्या वितरणांत, म्हणजे कर्नल आणि हजारो प्रोग्राम एकत्र बांधून पुरवणाऱ्या संचांत, प्रत्येक घटक पॅकेजच्या रूपाने येतो. ते पॅकेज वितरणाच्या चमूने तपासलेले असते, त्याचा खरेपणा डिजिटल सहीच्या आधारे पडताळला जातो आणि असंख्य संगणकांवर ते एकाच रूपात उतरते. मात्र संगणक सुरू होण्यासाठी लागणाऱ्या काही मोजक्या गोष्टी पॅकेजमध्ये तयार मिळत नाहीत, त्या ज्या-त्या संगणकावर घडवाव्या लागतात. बूटलोडरची पर्यायांची यादी, इनिटरॅमएफएस या नावाने ओळखली जाणारी ती तात्पुरती फाइलव्यवस्था, ग्राफिक कार्डासाठी नव्या कर्नलशी जुळवून बांधलेले मॉड्यूल आणि कोणते पार्टिशन कुठे जोडायचे हे सांगणारी एफएसटॅब ही फाइल या सर्व त्या संगणकाच्या स्वतःच्या वस्तू आहेत. अपग्रेडनंतरच्या बिघाडांचा माग काढत गेले तर तो बहुतेक वेळा या घरगुती वस्तूंपैकी एखादीपाशी येऊन थांबतो, आणि नव्या पॅकेजांना दोष देऊन सारी प्रणाली पुसून पुन्हा बसवण्याची घाई किती अनाठायी असते हे त्यावरून लक्षात येते.

तपासणीचे पहिले पाऊल म्हणजे संगणकाला बोलते करणे. बहुतेक वितरणे सुरू होताना वितरणाचे चिन्ह दाखवून त्यामागे सर्व संदेश लपवतात, त्यामुळे बिघाड झाला तरी फिरत राहणारे चक्र किंवा काळा पडदा यापलीकडे काहीच दिसत नाही. संगणक पुन्हा चालू करून जुन्या बायॉस पद्धतीच्या यंत्रावर शिफ्ट आणि नव्या यूईएफआय पद्धतीच्या यंत्रावर एस्केप ही कळ वेळेवर दाबली तर ग्रब या बूटलोडरची यादी समोर येते. त्या यादीतील पहिल्या ओळीवर थांबून ‘ई’ ही कळ दाबली की सुरुवातीच्या आज्ञांचा छोटा मजकूर उघडतो. त्यात ‘लिनक्स’ या शब्दाने सुरू होणारी एक लांबलचक ओळ असते आणि तिच्या शेवटाकडे ‘क्वाएट’ व ‘स्प्लॅश’ असे दोन शब्द दिसतात. बाणाच्या कळीने तिथवर जाऊन ते दोन शब्द पुसायचे आणि एफ-१० दाबायचे, एवढ्याने चिन्हाचा पडदा बाजूला होऊन कर्नल आणि सिस्टमडी यांचे संदेश ओळीमागून ओळी वाहू लागतात. हा बदल तेवढ्या एका वेळेपुरता असतो, डिस्कवर काहीच लिहिले जात नाही, म्हणून नवख्या माणसानेही तो निर्धास्तपणे करावा. ग्रबच्या त्याच यादीत ‘प्रगत पर्याय’ अशा अर्थाचा विभाग असतो आणि त्यात मागील कर्नल अजून शाबूत असतात. त्यांतला एखादा निवडल्यावर संगणक व्यवस्थित सुरू झाला तर डिस्क, फाइली आणि मूळ पार्टिशन हे सारे संशयातून मुक्त होते आणि शोध नव्या कर्नलपुरता मर्यादित राहतो.

जुना कर्नल चालतो आणि नव्यावर पडदा काळा राहतो, असे असेल तर नजर ग्राफिक कार्डाकडे वळवावी लागते. एनव्हिडियाच्या कार्डांचे कंपनीने पुरवलेले ड्रायव्हर बऱ्याच वितरणांत डीकेएमएस या व्यवस्थेमार्फत बसतात, आणि ही व्यवस्था प्रत्येक नव्या कर्नलसाठी ते मॉड्यूल त्या संगणकावर नव्याने संकलित करते. कर्नलच्या हेडर फाइली आलेल्या नसल्या किंवा ड्रायव्हरची आवृत्ती जुनी असली तर हे संकलन फसते. कर्नलच्या ओळीत ‘नोमोडसेट’ हा शब्द जोडला की ग्राफिक कार्डाची सूक्ष्म मांडणी टाळून साध्या चित्रपद्धतीवर प्रणाली सुरू होते आणि मग ड्रायव्हर दुरुस्त करता येतो.

तात्पुरत्या फाइलव्यवस्थेचा बिघाड याहून गहन आहे आणि तो समजून घेण्यासारखा आहे. मूळ पार्टिशन उघडायचे तर डिस्कचा ड्रायव्हर हवा, डिस्क कूटबद्ध असेल तर तिचा पासवर्ड विचारणारा प्रोग्राम हवा, आणि हे दोन्ही तर त्याच पार्टिशनवर ठेवलेले असतात. बंद खोलीची किल्ली खोलीतच राहावी असा हा पेच आहे. इनिटरॅमएफएस ही त्यावरची तोड आहे: आवश्यक तेवढे ड्रायव्हर आणि प्रोग्राम एका संकुचित फाइलीत बांधून ती फाइल बूट पार्टिशनमध्ये ठेवली जाते, बूटलोडर तिला थेट मेमरीत आणतो आणि कर्नल तिच्यातील साधने वापरून पुढचा मार्ग मोकळा करतो. ही फाइल मोठी असते आणि प्रत्येक कर्नलसाठी वेगळी असते, तर बूट पार्टिशन वेगळे केलेले असल्यास ते बहुधा लहान असते; जुने कर्नल साचत गेले की जागा संपते, नवी फाइल अर्धवट लिहिली जाते किंवा लिहिलीच जात नाही, आणि जागा उरली नसल्याचा इशारा अपग्रेडच्या वाहत्या ओळींत कुणाच्या नजरेस न पडता निघून जातो. पुढच्या वेळी संगणक चालू केला की कर्नल सुरू होतो, मूळ पार्टिशन शोधू पाहतो आणि ‘अननोन-ब्लॉक (०,०)’ अशा शब्दांनी संपणारा ‘कर्नल पॅनिक’चा संदेश देऊन निश्चल होतो. कंसातील ती दोन शून्ये महत्त्वाची आहेत, कारण मूळ पार्टिशन म्हणून कर्नलला कोणतेच उपकरण ओळखता आले नाही हे ती सांगतात. डिस्क खराब झाली असा त्यांचा अर्थ नसतो, आणि हा फरक न कळल्यामुळे चांगल्या डिस्क बदलल्या जातात. उपाय सरळ आहे: जुन्या कर्नलवर संगणक सुरू करून सर्वांत जुने कर्नल काढून टाकायचे आणि ‘अपडेट-इनिटरॅमएफएस’ ही आज्ञा देऊन फाइल पुन्हा बांधायची.

कधी तात्पुरती व्यवस्था सुरू होते पण पुढे जाऊ शकत नाही, तेव्हा डेबियन घराण्यातील वितरणे वापरकर्त्याला बिझीबॉक्स या लहानशा आज्ञासंचाच्या हवाली करतात. हा पडदा उजाड दिसतो म्हणून घाबरण्याचे कारण नाही, कारण निदानाला याच्याइतकी सोयीची जागा क्वचितच मिळते. ‘बीएलकेआयडी’ ही आज्ञा दिली की दिसणाऱ्या पार्टिशनांची यादी त्यांच्या यूयूआयडीसह, म्हणजे प्रत्येक फाइलव्यवस्थेला तिच्या निर्मितीच्या वेळी मिळालेल्या लांबलचक ओळखक्रमांकासह, समोर येते. यादी पूर्णपणे रिकामी असेल तर डिस्कचा ड्रायव्हर आतच आलेला नाही. यादीत पार्टिशने आहेत पण कर्नलने मागितलेला क्रमांक त्यांत नाही, तर क्रमांक चुकला आहे. आणि कूटबद्ध पार्टिशन दिसते पण पासवर्ड विचारलाच गेला नाही, तर ते उघडणारा प्रोग्राम फाइलीत बांधलेला नाही. तीन निराळे बिघाड एका आज्ञेने वेगळे होतात.

एफएसटॅबमधील चूक याहून पुढच्या टप्प्यावर उघडी पडते. पूर्वी या फाइलीत डिस्कची नावे थेट लिहिली जात, आणि जुन्या आयडीई डिस्कांचा कारभार कर्नलमधील नव्या ड्रायव्हरांकडे गेल्यावर ‘एचडीए’चे ‘एसडीए’ झाले, तेव्हा अनेक यंत्रे अपग्रेडनंतर अडखळली. यूयूआयडी लिहिण्याची आजची पद्धत रुळण्यामागे तो अनुभवही आहे. तरीही काढून टाकलेल्या जुन्या डिस्कची नोंद फाइलीत राहून जाते आणि सिस्टमडी त्या नसलेल्या डिस्कची दीड मिनिट वाट पाहून, तिच्याविना पुढे न जाता, ‘इमर्जन्सी मोड’मध्ये उतरते. तिथे रूट या प्रशासक खात्याचा पासवर्ड देऊन ती ओळ निष्क्रिय करावी किंवा तिच्यात ‘नोफेल’ हा शब्द जोडावा, म्हणजे डिस्क नसली तरी प्रणाली अडून राहत नाही.

बूटलोडरच्या पातळीवरचे बिघाड सर्वांत फसवे असतात, कारण ग्रब हा प्रोग्राम डिस्कवर दोन ठिकाणी राहतो. त्याचा गाभा बायॉस पद्धतीत डिस्कच्या आरंभी, पार्टिशनांच्या बाहेर, तर यूईएफआय पद्धतीत एका स्वतंत्र फॅट पार्टिशनवर असतो; त्याची मॉड्यूल आणि पर्यायांची यादी मात्र सहसा बूट निर्देशिकेत असते. एक भाग बदलला आणि दुसरा जुनाच राहिला तर दोघांचे जुळत नाही. जुलै २०२० मध्ये ‘बूटहोल’ नावाची सुरक्षेतील त्रुटी जाहीर झाल्यावर ग्रबच्या घाईघाईने दिलेल्या दुरुस्त्यांनंतर काही संगणकांवर ‘ग्रब-कॅलॉक’ हे चिन्ह सापडत नाही असा संदेश येऊ लागला. मॉड्यूल नवी झाली होती, पण ज्या डिस्कवरून संगणक खरोखर सुरू होत होता तिच्या आरंभीचा गाभा जुना होता, कारण डिस्क बदलल्यानंतर ग्रब कुठे बसवायचा याची नोंद कुणी सुधारलेली नव्हती. ऑगस्ट २०२२ मध्ये आर्च लिनक्स आणि त्यावर आधारलेल्या वितरणांत याच जातीचा प्रकार घडला. ग्रबच्या नव्या आवृत्तीने बनवलेल्या यादीत, फर्मवेअरची मांडणी उघडता येते का एवढेच विचारणारी एक आज्ञा होती. डिस्कवर आधीपासून बसलेल्या जुन्या गाभ्याला त्यातील नवा पर्याय ठाऊक नसल्याने तो ती मांडणी सरळ उघडूनच मोकळा होई, आणि संगणक चालू केला की पर्यायांची यादी न येता थेट फर्मवेअरचा पडदा येई. यादी नवी करताना गाभाही ‘ग्रब-इन्स्टॉल’ने पुन्हा बसवला असता तर हे टळले असते, पण आर्चमध्ये ते काम आपोआप होत नाही, वापरकर्त्यावर सोपवलेले असते.

अशा वेळी बाहेरून आत शिरावे लागते आणि त्यासाठी लिनक्सचा चालता संच असलेला पेनड्राइव्ह आणि ‘सीएचरूट’ ही आज्ञा पुरते. १९७९ च्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीपासून चालत आलेली ही सोय एखाद्या निर्देशिकेलाच प्रणालीचे मूळ मानायला प्रक्रियांना भाग पाडते, म्हणजे पेनड्राइव्हवरून संगणक चालवूनही आज्ञा मात्र आजारी प्रणालीच्या पोटात बसून देता येतात. क्रम पाळावा लागतो: आधी मूळ पार्टिशन जोडायचे, मग बूट आणि यूईएफआयची पार्टिशने त्यांच्या जागी, मग ‘डेव्ह’, ‘प्रॉक’ आणि ‘सिस’ या निर्देशिका, कारण त्यांच्याविना आतल्या आज्ञांना डिस्क आणि कर्नल दिसत नाहीत. बूट पार्टिशन जोडायला विसरण्याची चूक फार होते आणि ती अनुभवी माणसालाही चकवते. सगळ्या आज्ञा कुरकुर न करता पार पडतात, नव्या फाइली मूळ पार्टिशनवरील रिकाम्या निर्देशिकेत लिहिल्या जातात, आणि संगणक पुन्हा चालू केल्यावर बिघाड जसाच्या तसा असतो. यूईएफआय यंत्रावर पेनड्राइव्हही त्याच पद्धतीने सुरू झालेला असावा लागतो, अन्यथा फर्मवेअरमधील बूटनोंद लिहिता येत नाही. ‘सिस’ निर्देशिकेत फर्मवेअरखाली ‘ईएफआय’ ही उपनिर्देशिका दिसते का, एवढे पाहिले की त्याची खात्री होते.

अपग्रेड चालू असतानाच वीज गेली असेल, आणि महाराष्ट्रात लॅपटॉप नसलेल्या घरांत व शाळांत ही शक्यता धरूनच चालावे, तर सीएचरूटमध्ये पहिली आज्ञा पॅकेज बसवणाऱ्या ‘डीपीकेजी’ला अर्धवट पॅकेजांची मांडणी पूर्ण करायला सांगणारी द्यावी, ती पूर्ण होताना बऱ्याचदा इनिटरॅमएफएस आणि ग्रबची यादी दोन्ही आपसूक नव्याने बनतात. एका वेळी एकच बदल करून संगणक पुन्हा चालू करण्याची शिस्त कंटाळवाणी वाटली तरी सोडू नये. पाच-सहा आज्ञा एकदम चालवणारी तयार साधने मिळतात, त्यांनी संगणक कधी सुरूही होतो, पण कशाने झाला हे कळत नाही आणि पुढच्या अपग्रेडला तीच खोड परत डोके वर काढते.

संगणक सुरू झाल्यावर नवा कर्नलच चालतो आहे ना हे ‘यूनेम’ने, आणि कोणत्या सेवा अपयशी ठरल्या हे ‘सिस्टमसीटीएल’ने पाहून घ्यावे, फसलेल्या बूटची नोंद ‘जर्नलसीटीएल’मध्ये सापडली तर ती वाचावी, आणि सापडली नाही तर मूळ पार्टिशनपर्यंत प्रणाली पोहोचलीच नव्हती असा बहुधा त्या अभावाचा अर्थ घ्यावा. उबुंटूचा अपग्रेड करणारा प्रोग्राम बाहेरचे पॅकेजस्रोत बंद करून ठेवतो, ते नव्या आवृत्तीसाठी उपलब्ध आहेत का हे तपासून एकेक करूनच पुन्हा सुरू करावेत, आणि ज्याने अडचणीच्या वेळी दार उघडून दिले तो जुना कर्नल, नवा कर्नल काही दिवस रोजच्या कामात विनातक्रार चालेपर्यंत, काढू नये.