हवा कुठून येते?

नागपूरहून हैदराबादकडे जाताना ४४ क्रमांकाच्या महामार्गावर जाम हे गाव लागतं. चंद्रपूरचा रस्ता इथूनच फुटतो. उत्तर-दक्षिण जाणारे ट्रक आणि चंद्रपूरकडून येणारे डंपर सगळे या चौरस्त्यावरून जातात. त्यामुळे पाटे, टायर, बॅटरी आणि डिझेलचं काम जाणणारी माणसं इथे रस्त्याकडेलाच भेटतात. आमचं फिरतं घर त्यांच्यातल्याच एका मिस्त्रीच्या शेडसमोर उभं राहिलं, आणि डिझेल इंजिनाचं दुखणं कसं शोधायचं असतं ते मला जवळून पाहायला मिळालं.

गाडी म्हणजे एक जुनी मिनीबस. आतल्या सीटा काढून तिथे झोपायचे बाक, शेगडीचा ओटा, पाण्याची टाकी आणि मागे एक छोटा डिझेल जनरेटर बसवलेला. महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कारवाँ पर्यटनाचं धोरण आणलं. गाड्या कशा असाव्यात, त्या उभ्या करायला कारवाँ पार्क कुठे असावेत, याचा त्यात विचार झाला. पण वाटेत बंद पडलेली अशी गाडी जाते शेवटी ट्रकच्या मिस्त्रीकडेच.

दुखणं चमत्कारिक होतं. सकाळी गाडी पहिल्या सेल्फला लागायची. तासाभराने, विशेषतः चढावर, ओढ कमी व्हायची, इंजिन कमीजास्त होऊ लागायचं आणि शेवटी बंद पडायचं. थोडा वेळ उभी ठेवून हातपंप मारला की पुन्हा सुरू. आधीच्या एका गॅरेजात सरळ सांगितलं होतं : पंप गेला, उतरवावा लागेल. पंप म्हणजे मोठा खर्च. जामच्या मिस्त्रीने ते ऐकून घेतलं, पण पंपाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. आधी गॅसचं सिलिंडर बंद करून खाली उतरवायला लावलं आणि ते शेडपासून लांब, सावलीत नेऊन ठेवायला सांगितलं. ट्रकवर काम करणाऱ्याला ही सवय असायचं काही कारण नाही. पण गाडीत चूल आहे हे त्याने चढल्याबरोबर हेरलं होतं.

मग त्याचे प्रश्न सुरू झाले. बंद पडताना झटक्यात पडते की हळूहळू? सेल्फ मारताना मागून धूर येतो का? धुराचा प्रश्न मला फार आवडला. सेल्फ फिरतोय आणि सायलेन्सरमधून पांढरट धूर येतोय, म्हणजे डिझेल आत पोहोचतंय पण पेटत नाही. धूरच नाही, म्हणजे डिझेल पोहोचतच नाही. पान्याला हात लावण्याआधीच अर्धा मुलूख वगळला जातो. आमच्या गाडीला बंद पडल्यावर धूर येत नव्हता. "उपाशी मरून राहिली गाडी," तो म्हणाला. "जेवण कुठं अडून राहिलं तेवढं पाहू."

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. सिलिंडरमधली हवा इतकी दाबली जाते की ती भयंकर तापते, आणि त्या तापलेल्या हवेत डिझेलचा फवारा पडला की पेट घेतो. फवारा उडायला नोझल उघडावं लागतं. अशा जुन्या इंजिनात ते वातावरणाच्या साधारण दोनशे पट दाबाला उघडतं. डिझेल दाबलं तरी फारसं आकसत नाही, म्हणून पंपाचा जोर थेट नोझलपर्यंत जातो. नळीत हवेचा बुडबुडा असला तर मात्र पंपाचा सगळा जोर तो बुडबुडा आकसण्यातच संपतो. नोझल बंदच राहतं. एवढ्याशा हवेने एवढं मोठं इंजिन थांबतं ते यामुळे, आणि पंप धडधाकट असूनही बदलला जातो तोही यामुळेच.

मिस्त्री हिंगणघाटकडचा, आणि शिकला तो विहिरीवरच्या डिझेल इंजिनांवर. शेतात इंजिन बंद पडलं की जवळ एखाद-दोन पाने आणि फडकं यापलीकडे काही नसतं, म्हणून टाकीपासून सुरुवात करायची ही शिस्त हातात बसलेली. त्याने इंजिन चालू ठेवायला सांगितलं आणि ते अडखळू लागताच टाकीचं झाकण उघडलं. झाकणाचं हवेचं छिद्र बुजलेलं असेल तर टाकीत निर्वात पोकळी तयार होते, डिझेल पुढे सरकत नाही. झाकण उघडताच सूं आवाज येतो आणि गाडी सुधारते. तसं काही झालं नाही. मग फिल्टरच्या तळाचा स्क्रू ढिला करून त्याने डिझेल एका पांढऱ्या काचेच्या बाटलीत घेतलं आणि बाटली उन्हाकडे धरली. पाणी डिझेलहून जड, त्यामुळे ते तळाशी वेगळं दिसतं. महिनोन्महिने उभ्या राहणाऱ्या गाडीत हा धोका जास्त. टाकी अर्धी रिकामी असली की आतल्या हवेतली वाफ पत्र्यावर ओल धरते, पाणी तळाशी जमतं आणि पाणी-डिझेलच्या सीमेवर सूक्ष्मजीव वाढून काळा चिकट गाळ होतो. आमच्या बाटलीत तळाशी पाण्याचे दोन-चार मणी आणि थोडे काळे कण होते. "हे बरं नाही, पण तासाभराने बंद पडायचं कारण हे नव्हं," असं म्हणून त्याने बाटली बाजूला ठेवली.

पुढची युक्ती मला सगळ्यात मोलाची वाटली. टाकीकडून येणारी नळी त्याने फीड पंपापाशी, म्हणजे टाकीतून डिझेल ओढणाऱ्या छोट्या पंपापाशी, सोडवली आणि तिच्या जागी स्वच्छ डिझेलच्या कॅनमधून नळी जोडली. कॅन टपावर. एअर काढून इंजिन चालू केलं आणि गाडी चढाच्या बाजूला नेली. इंजिन एकसुरी चाललं, ओढही पूर्ण. म्हणजे पंप, नोझल, फिल्टर सगळे निर्दोष. दोष टाकी आणि फीड पंप यांच्या मधल्या नळीत. एक पैसा खर्च न करता शोध एवढ्याशा जागेत येऊन ठेपला.

तरी नळी बाहेरून कोरडी ठणठणीत होती. इथे बरेच जण फसतात. फीड पंपाच्या पुढे नळी गळली तर डिझेल बाहेर ठिबकतं, डाग दिसतो. पंपाच्या मागे नळीत ओढ असते. तिथे चीर पडली तर डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. डाग शोधणाऱ्याला ती कधीच सापडायची नाही. म्हणून त्याने नळीच्या मध्ये वीतभर पारदर्शक नळी बसवली आणि आम्हाला जवळ बोलावलं. सुरुवातीला त्यात पिवळसर डिझेल संथ वाहत होतं. इंजिन तापलं, रेस वाढवला, आणि मोहरीएवढे बुडबुडे रांगेने जाऊ लागले. जनरेटर चालू केल्यावर बुडबुडे वाढले. "आता सांगा, हवा कोठून येऊन राहिली?" त्याने विचारलं आणि स्वतःच गाडीखाली शिरला.

गाडी घरासारखी बनवताना कारागिराने जनरेटरसाठी वेगळी नळी टाकीतून न आणता मुख्य नळीच कापून टी जोडला होता. सायलेन्सरच्या जवळ. विदर्भाच्या उन्हात आणि सायलेन्सरच्या धगीत तिथलं रबर लाकडासारखं झालं होतं आणि क्लिपखाली केसाएवढी चीर होती. थंड असताना ती मिटलेली राहायची, तापल्यावर उघडायची. सकाळी गाडी शहाण्यासारखी का वागायची, त्याचा उलगडा झाला. या जातीच्या गाड्यांची बहुतेक दुखणी कंपनीच्या भागांत नसतात, नंतर जोडलेल्या सोयींत असतात, असं माझं मत त्या केसाएवढ्या चिरेने पक्कं केलं.

टी काढला, टाकीपासून फीड पंपापर्यंत अखंड नवी नळी सायलेन्सरपासून दूर फिरवली, जनरेटरला स्वतंत्र छोटा कॅन दिला. मग एअर काढायचं काम. फिल्टरवरचा स्क्रू दोन आटे सैल करून हातपंप मारत राहायचं : आधी नुसता फेस, मग तुटक बुडबुडे, मग स्वच्छ धार. धार येताच स्क्रू कसायचा. तेच पंपावर. शेवटी नोझलच्या नळ्यांचे नट सैल करून सेल्फ. एकेका नटातून डिझेल उडालं की तो कसायचा. एक सिलिंडर पेट घेतं, मग दुसरं, आणि लंगडणारा आवाज भरत भरत पूर्ण होतो. नव्या कॉमन रेल इंजिनात हे मुळीच करायचं नसतं, हे त्याने आम्हाला दोनदा बजावलं. तिथे दाब हजार बारच्याही वर जातो, ती धार कातडी भेदून आत शिरते. पण टाकी ते फीड पंप हा मधला मुलूख नव्या गाडीतही असतो, आणि स्कॅनर दाब कमी आहे एवढंच सांगतो. चीर कुठे आहे ते सांगत नाही. पारदर्शक नळी घेऊन बसणारी माणसं म्हणूनच या रस्त्यांवर राहायला हवीत, त्यांच्या हाताखाली पोरं शिकायला हवीत, असं मला मनापासून वाटतं.

भर दुपारी, मागे जनरेटर चालू ठेवून, तो स्वतः गाडी चालवत समुद्रपूरच्या बाजूला फिरवून आला. पारदर्शक नळीत एकही बुडबुडा नव्हता. ती नळी काढायला लावून त्याने सांगितलं की टाकी एकदा उतरवून धुवून घ्या, गाडी उभी ठेवायची तेव्हा टाकी भरून ठेवा आणि धुतल्यावरचा पहिला फिल्टर लवकर बदला, कारण हललेला गाळ आता तिथेच येऊन बसणार.