खुणेच्या जागचा गाळ

गास गावातल्या आमच्या वाडीत पाणी तुंबलं की केळी पाण्यात उभ्या असून पिवळ्या पडतात. मुळांना हवा मिळत नाही. कर्करोगाच्या गाठीतही असंच होतं. रक्तवाहिनीपासून जेमतेम एक-दोन दशांश मिलिमीटरवर प्राणवायू संपतो. त्यापलीकडच्या पेशी गुदमरतात. मात्र सगळ्या मरत नाहीत. 'हिफ' हे प्रथिन त्यांच्यात साठतं, त्यांचं वागणं बदलतं, आणि त्या एरवीपेक्षा जास्त एक्सोसोम बाहेर सोडू लागतात.

एक्सोसोम म्हणजे ३० ते १५० नॅनोमीटरच्या पुड्या. १९८३ मध्ये मेंढीच्या कोवळ्या रक्तपेशींत त्या दिसल्या तेव्हा तो पेशीचा केरच वाटला होता. आता कळतं की त्यांत प्रथिनं आणि सूक्ष्म आरएनए असतात, म्हणजे पेशींचे निरोपच. शेजारच्या पेशीने पुडी आत घेतली की गाठीकडे नव्या रक्तवाहिन्या फुटू शकतात, रोगाशी लढणाऱ्या पेशी थंडावू शकतात.

नालासोपाऱ्याहून पहाटेची लोकल पकडून मी प्रयोगशाळेत पोचते ती या पुड्या गोळा करायला. तोंडाच्या कर्करोगाच्या पेशी १ टक्का प्राणवायूच्या पेटीत वाढतात. बाहेरची हवा लागली की काही मिनिटांत हिफ नष्ट होतं, म्हणून पेटीला जोडलेल्या हातमोज्यांत हात घालूनच सगळं करायचं. पेशींना खाऊ म्हणून वासराचं सीरम देतात, आणि त्यात गाईचे एक्सोसोम असतात. ते आधी काढले नाहीत, तर गाईचा निरोप आपण माणसाचा म्हणून वाचू.

मग पेशींभोवतीचा द्रव काढून नळ्यांत भरून यंत्रात फिरवायचा. आधी कमी वेगाने पेशी आणि त्यांचे तुकडे खाली बसवायचे, शेवटी गुरुत्वाच्या एक लाख पट जोराने ७० मिनिटं. समोरासमोरच्या नळ्यांचं वजन काटेकोर जुळवावं लागतं. नळीच्या बाहेरच्या अंगाला मी मार्करने खूण करते, कारण बुडाशी बसलेला गाळ बहुतेक वेळा डोळ्यांना दिसतच नाही. खुणेच्या जागी तो आहे असं धरून पिपेटने थेंबाथेंबाने सोडवून घ्यायचा. श्वास रोखूनच होतं हे काम.

लाळेतून, रक्तातून हे निरोप वाचून रोग लवकर ओळखता यावा, यासाठी जगभर खटपट चालू आहे. मला त्याची मनापासून आशा आहे. पण आज तोंडाच्या कर्करोगाचं पक्कं निदान बायोप्सीनेच होतं. तेव्हा तोंडातली जखम दोन आठवड्यांत भरली नाही, तर तंबाखू खात असा वा नसा, डॉक्टरांना दाखवा.