मृग-आर्द्राचा महिना आणि भीमेची मासळी



या पत्रिकेतून आम्ही तुमच्याशी बेणे, लागण, खोडवा, खताचे हप्ते आणि हुमणी याविषयी बोलत असतो. या खेपेस विषय थोडा वेगळा घेतला आहे. "ऊसवाल्या साहेबांना मासळीचं काय पडलंय?" असे कोणी म्हणेल. पण भिगवण, डिकसळ, कुंभारगाव, पळसदेव या पट्ट्यात ज्या पाण्यावर आपला ऊस उभा आहे त्याच पाण्यात मासळीही वाढते, आणि त्या मासळीवर शेकडो भोई कुटुंबांची चूल पेटते. एकाच विहिरीवर दोघांचे मोट चालायचे, तसे हे आहे. एकाने पाणी घाण केले तर दुसऱ्याने प्यायचे काय?

त्यातही वर्षातला एक महिना असा आहे की ज्यावर पुढच्या सबंध वर्षाची मासळी ठरते. तो महिना म्हणजे मृग आणि आर्द्रा ही दोन नक्षत्रे. साधारण ७-८ जूनला मृग निघतो आणि ५-६ जुलैला आर्द्रा संपते. उसाच्या मोठ्या बांधणीचा महिनाही नेमका तोच. म्हणून हा लेख.

मिशीवाल्या माशांची जुनी नोंद

भीमेच्या खोऱ्यातल्या माशांची पहिली शास्त्रीय नोंद पुण्याजवळ झाली, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. मुंबई सरकारने १८२४ साली विल्यम हेन्री साइक्स नावाच्या लष्करी अधिकाऱ्याला दख्खनची पाहणी करण्याच्या कामावर नेमले. त्याने जमीन, पिके, लोकसंख्या यांच्या बरोबरीने नद्यांतले मासेही टिपून ठेवले. पुढे १८३९ च्या सुमारास त्याने ही माहिती विलायतेत प्रसिद्ध केली. विशेष असे की, त्याने कित्येक माशांना शास्त्रीय नावे देताना आपल्या भोई मंडळींच्या तोंडची नावेच वापरली. 'खुद्री', 'मुसल्ला', 'कोलुस', 'सींगटी' ही नावे आजही जगभरच्या शास्त्रीय पुस्तकांत आहेत. शिंगटी आणि कोळस म्हटले की आपल्याकडच्या जुन्या माणसाला लगेच उमजेल.

यातल्या खुद्री, मुसल्ला आणि कोळस या तिघांना साइक्सने विलायतेतल्या 'बार्बल' माशाच्या कुळात बसवले होते. बार्बल म्हणजे मिशीवाला मासा. त्याच्या वरच्या ओठाशी मिशांच्या दोन जोड्या असतात आणि तो त्या मिशांनी तळ चाचपत खाद्य शोधतो. खुद्री म्हणजेच आजचा दख्खनी महाशीर. त्यालाही तशाच चार मिशा, अंगावर रुपयापेक्षा मोठी खवले आणि वाहत्या पाण्याची ओढ. मुळा-मुठेत सापडलेल्या माशावरून साइक्सने त्याचे वर्णन लिहिले, आणि मुळा-मुठा दौंडच्या वरच्या अंगाला भीमेलाच मिळते. म्हणजे हा मासा आपल्या घरचाच म्हणायचा.

नदीचा तलाव झाला

उजनी धरणाच्या कामाला १९६६ साली प्रारंभ झाला आणि १९८० साली धरण पुरे झाले. एकूण साठा सुमारे ११७ टी.एम.सी. आणि त्यातला निम्म्याहून जास्त, म्हणजे सुमारे ६३ टी.एम.सी., मृत साठा. पळसदेवसारखी गावे उठली, काळी जमीन पाण्याखाली गेली. पळसनाथाचे जुने देऊळ पाणी फार उतरले की अजूनही वर येते आणि लोक दर्शनाला जातात. २०२४ च्या उन्हाळ्यात धरण उणे साठ टक्क्यांच्या घरात गेले, तेव्हा नदीचा जुना मार्गही उघडा पडला होता.

या पाण्याने आपल्या भागात ऊस आणला, हे कोणी नाकारणार नाही. मात्र नदीतल्या माशांच्या दृष्टीने हा मोठाच उलथापालथीचा प्रसंग होता. खळखळ वाहणारी नदी गेली आणि संथ तलाव आला. ज्याला संथ पाणी मानवते तो मासा वाढला, ज्याला धार लागते तो हटला.

चिलापीचे उदाहरण घ्या. हा मासा मूळचा आफ्रिकेतला, भारतात तो १९५२ साली आणला गेला. त्याची मादी अंडी तोंडात धरून राखते, वर्षातून कितीतरी वेळा पिले काढते, आणि तिला ना पूर लागतो ना धार. शेतात हरळी शिरावी तशी चिलापी तलावात शिरली. राहू, कटला, मृगळ हे मासे मूळचे गंगेकडचे. ते संथ पाण्यात वाढतात चांगले, पण वीण करायला त्यांनाही पुराचे वाहते पाणीच लागते. म्हणून त्यांचे बीज केंद्रात तयार करून सोडावे लागते. इंजेक्शन देऊन अशा माशांची वीण करण्याचा प्रयोग डॉ. हिरालाल चौधरी यांनी १० जुलै १९५७ रोजी ओरिसात यशस्वी केला. तोच दिवस आता देशभर मत्स्य शेतकरी दिन म्हणून पाळतात.

महाशिराचे गणित याहून कडक आहे. त्याला गार, स्वच्छ, भरपूर प्राणवायूचे वाहते पाणी आणि तळाला गोटे-वाळू लागते. पावसाळ्यात नदी चढली की तो वरच्या अंगाला जातो आणि एकदम नाही तर हप्त्याहप्त्याने अंडी घालतो. अंडी जड, ती गोट्यांच्या सांदीत बसतात आणि सुमारे तीन दिवसांनी फुटतात. त्यांची संख्याही राहू-कटल्याच्या मानाने फारच कमी. आता वाळूच उपसून नेली तर अंडी बसायची कुठे? वाळूचा ट्रक भरतो, पण त्याबरोबर माशाचा पाळणाही जातो, हे ध्यानात घ्यावे.

चढणीचा महिना

मृगाचा पहिला दणका बसला, ओढ्यांना लाल पाणी आले, की मासा जागचा हलतो. पाणी गढूळ होते, गारवा येतो, धार लागते. या तीन खुणांवरून त्याला कळते की वेळ झाली. मग पोटात अंडी घेऊन तो धारेच्या उलट चढू लागतो. यालाच आपण चढणीचे मासे म्हणतो. तलावातला मासा दौंडकडे भीमेत चढतो, तसाच लहानसहान ओढ्यांच्या तोंडाशीही गर्दी करतो. 'दौंडहून किती क्युसेक सुटले' हे जसे आपण रोज पाहतो, तसे मासा आपल्या अंगाने पाहत असतो.

आणि नेमक्या याच वेळी ओढ्याच्या तोंडाला जाळे लागते. मासा उथळ पाण्यात, अंड्यांनी जड झालेला, पळायला जागा नाही. पोरेसोरेसुद्धा पाटीभर धरतात. त्या दिवशी कालवण झकास होते, यात शंका नाही. पण गाभण गाय खाटकाला कोणी देतो काय? बेण्याचा ऊस कोणी गाळपाला पाठवतो काय? चढणीचा मासा म्हणजे पाण्यातले बेणे आहे. तो एक मासा खाल्ला म्हणजे पुढच्या वर्षाची टोपली खाल्ली.

दुसरे संकट बारीक डोळ्याच्या जाळ्याचे. आपल्या भागात त्याला 'वडाप' म्हणतात. बोटभर पिलूही त्यातून सुटत नाही. खुद्द मच्छीमार मंडळीच त्याविरुद्ध वर्षानुवर्षे ओरड करीत आली आहेत, कारण नुकसान त्यांचेच आहे. सुरुंगाची दारू उडवून किंवा पाण्यात विष घालून मासे मारणे तर १८९७ च्या कायद्यानेच गुन्हा आहे. मोटारीच्या वायरीचा करंट पाण्यात सोडणे हे तर माणसाच्याही जिवावरचे काम.

दुसरीकडे काय करतात?

इंग्लंडात नद्यांवर बार्बल धरणारे हौशी लोक पुष्कळ आहेत. तिथे तो मासा मे-जूनच्या सुमारास अंडी घालतो. म्हणून १५ मार्चपासून १५ जूनपर्यंत नद्यांवर अशा मासेमारीला बंदी असते आणि १६ जूनला हंगाम उघडतो. आपल्या कोकण किनाऱ्यावरही १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटी बंद ठेवतात. पोट हातावर असूनही कोळी बांधव ते पाळतात.

आपल्याकडे देवाच्या नावाने राखलेले डोहही आहेत. महाडजवळ वाळणकोंडीला आणि वाड्याजवळ तिळसे येथे देवस्थानाच्या डोहातल्या माशाला कोणी हात लावत नाही. शास्त्र शिकलेले नसतानाही पूर्वजांनी मासळीचे बेणे राखले, असेच म्हणावे लागेल.

लोणावळ्याला टाटांच्या वीज कंपनीच्या तलावांवर महाशिराची पैदास करण्याचे काम १९७० च्या दशकापासून चालले. डॉ. सी. व्ही. कुलकर्णी यांनी या माशाच्या विणीचा अभ्यास त्याच सुमारास प्रसिद्ध केला. तिथली पिले अनेक राज्यांत गेली. पण एक धडाही मिळाला. आपला दख्खनी महाशीर दक्षिणेत कावेरीत सोडला गेला, तिथे तो फोफावला आणि तिथला मूळचा मोठ्या वशिंडाचा महाशीर मागे पडून नष्ट होण्याच्या पंथाला लागला. २०१८ साली त्याची गणना अत्यंत धोक्यातील माशांत झाली. म्हणून 'आणा कुठलेही बीज आणि सोडा धरणात' हे बरे नव्हे. जातिवंत बेणे जसे आपण खात्रीच्या ठिकाणाहून घेतो, तसेच मत्स्यबीजाचे आहे.

आपला ऊस आणि पाण्याचा श्वास

आता आमच्या खात्याकडे वळतो. सुरू उसाला शिफारशीप्रमाणे हेक्टरी २५० किलो नत्र द्यायचे, त्यातले ४० टक्के मोठ्या बांधणीला. म्हणजे एकरी जवळजवळ दोन गोण्या युरिया, आणि तोही मृग-आर्द्राच्या तोंडावर. खत सरीत उघडे पडले आणि रात्री जोराचा पाऊस झाला, तर ते उसाला लागत नाही. ओढ्याने थेट बॅकवॉटरला जाते. पूर ओसरून पाणी निवळले की त्या खतावर हिरवे शेवाळ माजते, जलपर्णी पसरते. दिवसा शेवाळ प्राणवायू देते, पण रात्री तेच तो ओढून घेते. पहाटे पहाटे मासे तोंड वर काढून झगडताना दिसतात, त्याचे कारण हेच. एक लिटर पाण्यात पाच मिलिग्रॅम प्राणवायू असला तर मासा सुखात राहतो. तीनच्या खाली आला की त्याची घुसमट होते.

पुण्या-पिंपरीचे सांडपाणी भीमेला येते, हे खरे. पण त्यांच्याकडे बोट दाखवताना तीन बोटे आपल्याकडे असतात. साखर कारखान्याच्या सांडपाण्याचा विषयही आम्ही टाळणार नाही. आसवनीच्या कच्च्या स्पेंटवॉशचा बी.ओ.डी. लिटरला ४० हजार मिलिग्रॅमच्या वर असतो, आणि नदीत सोडायच्या पाण्याला मर्यादा आहे अवघ्या ३० ची. यावरून त्याची एक टाकी ओढ्यात गेली तर काय होईल याचा हिशेब करावा. कारखाना कोणताही असो, सभासद हा मालक आहे. वार्षिक सभेत उताऱ्याचा आणि दराचा प्रश्न विचारतो, तसा पाण्याचाही विचारावा.

या महिन्यात सभासदांनी एवढे करावे

१) बांधणीचे खत पावसाची उघडीप पाहून, मातीआड करूनच द्यावे. खत देऊन लगेच भर लावावी. पैसा वाचेल आणि पाणीही.

२) ओढ्याकाठच्या शेवटच्या दोन-चार सऱ्यांत खत-औषध बेताने वापरावे आणि बांधावर गवत राखावे. पाणी गवतातून गाळून गेले की निम्मा त्रास कमी.

३) फवारणीचा पंप, औषधाचे डबे नदी-ओढ्यात धुऊ नयेत. हुमणीचे भुंगेरे रॉकेलच्या पाण्यात मारतात ते ठीकच, पण ते पाणी ओढ्यात ओतू नये. खड्डा करून पुरावे.

४) बॅकवॉटरवरच्या मोटारींच्या फुटव्हॉल्व्हला बारीक जाळी बसवावी. सक्शनमधून पिलांचा चुराडा होतो, आणि कचऱ्याने मोटारही जळते.

५) पाचट ओढ्यात ढकलू नये. खोडव्यात सरीआड ठेवून कुजवावे.

६) आपल्या शेतालगतच्या ओढ्याच्या तोंडाला मृग-आर्द्रात जाळे लावू देऊ नये. निदान आपल्या घरचे तरी कोणी लावू नये.

शेवटच्या मुद्द्यावर एक गोष्ट सांगतो. भोई मंडळींशी याबाबत भांडण काढू नये. तेही धरणग्रस्तच आहेत. त्यांचा नदीचा धंदा बुडून तलावाचा धंदा झाला. ज्याचे पोट रोजच्या जाळ्यावर आहे, त्याला महिनाभर बंद ठेव म्हणणे सोपे आहे, पण त्या महिन्यात त्याने खायचे काय? बांधणी, भर लावणे, अडसालीची तयारी या कामांना याच दिवसांत आपल्याला माणूस मिळत नाही. ज्यांची इच्छा असेल त्यांना या दिवसांत रीतसर मजुरीने काम देता येईल. गावाच्या पातळीवर सरपंच, सोसायटी आणि मच्छीमार मंडळी एकत्र बसली तर यातून वाट निघेल, असे आमचे मत आहे.

पुणे-सोलापूर रस्त्याने जाणारा माणूस भिगवणला थांबतो तो मासळीसाठी. बाजारात लिलाव होतो, खानावळी चालतात, हिवाळ्यात रोहित पक्षी पाहायला लांबून लोक येतात, त्यांना नाव फिरवून दाखवणाऱ्याला चार पैसे मिळतात. हे सगळे त्या अठ्ठावीस दिवसांवर उभे आहे. उसाचे एक पीक गेले तर पुढच्या साली लागण करता येते. नदीतले बेणे संपले तर ते कोणत्याच रोपवाटिकेत मिळणार नाही.

तरी सर्व सभासदांनी यंदाच्या मृगापासून वरील गोष्टींचा अवलंब करावा. खताच्या हप्त्याविषयी शंका असल्यास आपल्या गट कार्यालयात शेतकी खात्याच्या माणसास भेटावे. माती परीक्षणाचा कागद बरोबर आणावा, म्हणजे हिशेब नेमका सांगता येईल.