थकीत देयके : रुग्णालयाचे हक्क आणि मर्यादा

ताळेबंदातील 'रुग्णांकडून येणे' ही रक्कम पाहून काही देणगीदार व विश्वस्त दरवर्षी विचारतात, "पूर्ण बिल घेतल्याशिवाय रुग्णास घरी सोडताच का?" प्रश्न रास्त आहे, त्याचा खुलासा येथे करीत आहे.

उपचारांचे देयक हे कायदेशीर ऋण आहे. लेखी मागणी, हप्त्यांची सवलत, वकिलामार्फत नोटीस आणि अखेरीस दिवाणी दावा हे मार्ग रुग्णालयास खुले आहेत. दाव्याची मुदत सर्वसाधारणपणे ३ वर्षांची असते.

मात्र धनको या नात्याने आपला हक्क रकमेपुरताच आहे. देयकासाठी रुग्णास अडवून ठेवल्यास तो अन्यायाने कैदेत ठेवण्याचा गुन्हा ठरू शकतो. देयकाच्या वादावरून रुग्णास किंवा मृतदेहास अडवता येणार नाही, असे राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाच्या २०१८ च्या रुग्णहक्क सनदेतही नमूद आहे. वैद्यकीय कागदपत्रे मागणीनंतर ७२ तासांत देण्याचे बंधन २००२ च्या वैद्यकीय आचारनियमांत आहे. थकबाकी ही ती रोखण्याची सबब होऊ शकत नाही.

शिवाय तक्रार करणाऱ्याचेच म्हणणे बरोबर असू शकते. मध्यंतरी एका रुग्णाच्या मुलाने रोखपालाच्या खिडकीशी बिलावर हरकत घेतली. आम्ही प्रथम त्यास टाळाटाळ समजलो. नोंदी तपासल्या तेव्हा दिसले, की अतिदक्षता विभागातून सामान्य कक्षात हलविल्याच्या दिवशी दोन्ही खाटांचे भाडे लागले होते. चूक आमची होती. ती दुरुस्त करून आम्ही त्यांची क्षमा मागितली. उरलेली रक्कम त्यांनी स्वतःहून आणून दिली.

कुटुंबीयांना विनंती, की दर दोन दिवसांनी अंतरिम बिल मागावे, तपशीलवार बिल घ्यावे व हरकत लेखी द्यावी. समाधान न झाल्यास सशुल्क सेवेबाबत २ वर्षांच्या आत ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते. रुग्णालयीन सेवा ग्राहक कायद्याच्या कक्षेत येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच स्पष्ट केले आहे.

ज्यांची ऐपतच नाही, त्यांच्यासाठी मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांत निर्धन रुग्ण निधी असतो. त्यात एकूण बिलांच्या २ टक्के रक्कम जमा करावी लागते. अशा कुटुंबांनी दाखल होतानाच वैद्यकीय समाजसेवकांना भेटावे.

वसुलीचा पाठपुरावा आम्ही नेटाने करतो, कारण तो पैसा पुढच्या रुग्णाचा आहे. परंतु त्यासाठी रुग्णालयाचे दार कोणावरही बंद होणार नाही, याची ग्वाही देतो.