स्पीडोमीटरची डायल घरी बदलताय? आधी काटा सांभाळा

जुन्या गाडीच्या मीटरची फिकट डायल घरीच नवी करता येते. काटा काढून मूळ डायल ६०० डीपीआयवर स्कॅन करा. इंकस्केप या मोफत सॉफ्टवेअरमध्ये त्यावरच नवे आकडे आखा. मागचा दिवा झिरपेल अशा दुधी फिल्मवर १०० टक्के आकारात प्रिंट काढा. रंग, फॉन्ट बदला. रेघांचे कोन मात्र तेच ठेवा.

खरी गोम काट्यात आहे. काढण्याआधी तो कुठे टेकतो, याचा समोरून फोटो घ्या. बसवताना जरा सरकला, तरी मीटर खोटं बोलतं. संयुक्त राष्ट्रांच्या नियम क्रमांक ३९ नुसार मीटरने खऱ्या वेगापेक्षा कमी वेग दाखवता कामा नये. खरा वेग ताशी ८० किमी असेल, तर काटा ८० ते ९२ मध्येच हवा. म्हणून शेवटी सोबत्याला मोबाइलवरचा जीपीएस वेग वाचायला सांगा. आकडे जुळले, तरच डायल पक्की करा.