ऐप्पसीच्या तोंडावर

पहाटे ५.३०
ऑक्टोबरचा तिसरा आठवडा, तमिळ ऐप्पसी महिन्याचं तोंड. पुण्याला माहेरी पाऊस संपून उकाडा सुरू झालेला. तंजावुरात आमचा पाऊस अजून यायचाय. ईशान्य मोसमी वारे साधारण २० ऑक्टोबरच्या सुमारास तमिळनाडूत येतात आणि डिसेंबर सरेपर्यंत वर्षाच्या पावसातला जवळपास निम्मा इथे ओतून जातात. थंडी नावापुरतीच. हिवाळ्याआधी परसात करायची कामं म्हणून दोनच प्रकारची: पाण्याला वाट काढून देणं आणि वाऱ्याच्या हाती लागेल ते आधीच उतरवणं.

गच्चीपासून सुरुवात. पन्हाळीत सुकी पानं, कबुतरांची पिसं आणि गेल्या दिवाळीतल्या फटाक्यांची पुठ्ठ्याची नळकांडी. खाली पाणी मुरवायचा खड्डा. २००३ साली तमिळनाडूत प्रत्येक इमारतीला अशी सोय सक्तीची झाली, त्यामुळे खड्डा घरोघरी आहे. तो उपसतं कोण, हे विचारू नये. वरची वीतभर वाळू घमेल्यानं काढली, धुऊन वाळत घातली.

सकाळी ७.००
माळी आले. वयानं मोठे, म्हणून मी त्यांना अण्णे म्हणते. आज शेवगा उतरवायचा.

“अम्मा, शेंगा आहेत की अजून.”

“असू देत हो. फांदी कोसळली तर शेजारच्यांचा पत्रा जाईल.”

शेवग्याचं लाकूड ठिसूळ. पावसात भिजून फांदी जड झाली की एका झोतात मोडते, आणि मोडताना खोडाची सालही सोलत नेते. अण्णे कोयत्याचा पहिला घाव खालून घालतात, मग वरून. साल फाटत नाही. काप तिरका, म्हणजे त्यावर पाणी साचत नाही. तोवर मी मोरचूद आणि चुना कालवते. दोन्ही वेगवेगळं भिजवायचं आणि मातीच्या नाहीतर प्लॅस्टिकच्या भांड्यातच. लोखंडी बादली चालत नाही. मिश्रण साधलं की नाही हे बघायला अण्णे घासून चकचकीत केलेला चाकू त्यात क्षणभर बुडवतात. पात्यावर तांबूस झाक आली तर चुना कमी पडला. आज आली. आणखी मूठभर चुना घातला, पुन्हा बुडवला, पातं स्वच्छ. मग तो निळसर लगदा काथ्याच्या कुंच्यानं प्रत्येक कापावर लिंपला.

९.३०
माडावर चढणारा आला. मजुरीवरून घासाघीस झाली, ती दरवर्षी होते. पण ‘गजा’ चक्रीवादळानंतर मी फार ताणत नाही. १६ नोव्हेंबर २०१८ च्या पहाटे ते वेदारण्यमजवळ किनाऱ्यावर चढलं आणि आमच्याच जिल्ह्यातल्या पट्टुक्कोट्टै, पेरावूरणीकडच्या नारळबागा आडव्या करून गेलं. चढणाऱ्यानं सुकलेल्या झावळ्या आणि तयार नारळ उतरवले, शेंड्याच्या बेचक्यांत वाळू आणि कडुनिंबाची पेंड भरली. त्यानं गेंड्या भुंगा आत शिरत नाही. पावसाळ्यात कोंब कुजण्याचंही भय असतं. मधलं कोवळं पान पिवळं पडलंय का, हे त्याला वरूनच ओरडून सांगायला लावलं.

केळीला बांबूची कैची, घड झुकलाय त्या बाजूनं. पिलांतलं एक ठेवलं, बाकीची काढली.

११.००
दिवसातलं खरं कष्टाचं काम हे. वाफे वीतभर उचलायचे आणि मधल्या चरीला विहिरीपासून मागच्या मोरीपर्यंत उतार द्यायचा. या गावाला पाण्याची चाल कळत होती. सेवप्पनायकन वारी या तळ्यात साठलेलं पावसाचं पाणी शिवगंगा तलावात यायचं आणि तिथून विटांच्या भुयारी वाटेनं अय्यनकुळम तळ्यापर्यंत पोचायचं. त्या वाटेला जलसूत्र म्हणतात. आमचं सूत्र फावड्याचं आणि उघडं, तरी बादली ओतून पाहिलीच. मध्ये एका ठिकाणी पाणी थबकलं. तिथली माती खरवडली, पुन्हा ओतली. आता मोरीपर्यंत न अडखळता गेलं. मुळांशी दोन दिवस पाणी राहिलं तर वांगी उभ्या उभ्या माना टाकतात.

दुपारी १.००
जेवण. शेवग्याच्या पाल्याची भाजी, दुसरं काय! पाला इतका निघालाय की शेजारीही आज तेच जेवताहेत.

३.३०
ऊन उतरल्यावर बियाणं. पहिला मान परंगीचा, म्हणजे लाल भोपळ्याचा. डिसेंबरच्या मध्यावर मार्गळी लागते. महिनाभर पहाटे दारात कोलम, म्हणजे रांगोळी, आणि कोलमात शेणाच्या गोळ्यावर खोवलेलं परंगीचं पिवळं फूल. बी पेरल्यापासून फूल यायला सहा-सात आठवडे धरा, म्हणजे ऑक्टोबर चुकवून चालत नाही. वेलाला आधी नरफुलंच येतात. ती खुडली तरी भोपळा बुडत नाही, म्हणून देवाचंही होतं आणि स्वयंपाकघराचंही.

टोमॅटो-मिरचीची रोपं उघड्यावर टाकली तर पहिल्या झडीत बुडाशी कुजून लोळतात. ती पडवीत, ट्रेमध्ये. कुंड्यांना वल्लमहून आणलेली तांबडी माती मिसळली, पाण्याचा निचरा छान होतो. कुंड्यांखालच्या बशा काढून पालथ्या घातल्या, नाहीतर डासांची पैदास. अडुळशाची कुंडी मात्र जागची हलली नाही. सासूबाई तिला कोणाला हात लावू देत नाहीत. तंजावुरचे मराठा राजे सरफोजी महाराज यांच्या धन्वंतरी महालात वनौषधी तयार होत, वनस्पतींची चित्रं काढवून घेतली जात, हा दाखला त्यांच्या जिभेवर तयार असतो. आमचा अडुळसा त्या चित्रात होता का, एवढं विचारायचं मी टाळते.

५.३०
अण्णे कात्री घेऊन मोगऱ्याकडे वळले, तसं मी त्यांना अडवलं. मोगऱ्याची छाटणी नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, जमिनीपासून दीड फुटावर. मग मार्चपासून झाड फुलांनी लगडतं. तोवर पूक्कार तेरूच्या फूलबाजारात जो भाव निघेल तो द्यायचा.

६.४५
आग्नेयेला वीज चमकतेय. मजुरीचा हिशेब केला. अण्णे शेवग्याचे हातभर जाडजूड तुकडे निवडून दोरीनं बांधत होते, घरी लावायला.

“या पाण्यात कुजतील हो, अण्णे.”

“तुमच्याकडं कुजतील, अम्मा. माझं घर वल्लमला, माळावर. तिथं पाणी उभं राहतंय कुठं?”

दोन मोळ्या सायकलला लावल्या, उरलेला पाला खताच्या खड्ड्यात गेला. मोगऱ्यासाठी नोव्हेंबरअखेरीस यायचं ठरलं, आणि चाकू तेवढा घासून ठेवा, असं बजावून ते निघाले.