‘पगलैट’: नवरा गेला तरी संध्याला रडू का येत नाही? आणि ते ५० लाख नेमके कुणाचे?

लखनौमधलं एक घर. तरुण मुलगा अचानक गेलाय. नातेवाईक जमलेत, तेराव्यापर्यंत सगळ्यांचा मुक्काम. आणि जिचा नवरा गेला ती संध्या खोलीत बसून फेसबुकवरच्या श्रद्धांजलीच्या कमेंट्स वाचतेय. चहा नको, तिला पेप्सी हवीय. सोबत चिप्स.

दिग्दर्शक उमेश बिस्ट यांचा ‘पगलैट’ मार्च २०२१ मध्ये नेटफ्लिक्सवर आला. पगलैट म्हणजे आपल्या भाषेत वेडपट. संध्या झालीय सान्या मल्होत्रा. (पुढे स्पॉयलर आहेत, सिनेमा बघायचा असेल तर इथेच थांबा.)

तर, तिला रडू का येत नाही? घरच्यांना वाटतं, धक्का बसलाय. खरं कारण साधं आहे. लग्न ठरवून झालेलं, त्याला जेमतेम पाच महिने झालेले. आस्तिक नावाच्या या माणसाशी तिची धड ओळखच झाली नव्हती. मग त्याच्या सामानात एका मुलीचा फोटो सापडतो. आकांक्षा, त्याची ऑफिसातली मैत्रीण. संध्या चिडते, पण तिच्याकडे जाते आणि आपलाच नवरा कसा होता हे तिच्याकडून समजून घेते. माझ्या मते सिनेमातला सगळ्यात दुखरा भाग हाच.

इकडे घरात वेगळाच विषय सुरू होतो. आस्तिकचा ५० लाखांचा विमा निघतो आणि नॉमिनी एकटी संध्या. घर तर त्याच्याच पगारावर चालायचं. सासरे हादरतात. पैसा घरातच राहावा म्हणून संध्याचं लग्न चुलतदिराशी लावायचं घाटू लागतं. कालपर्यंत विधवेच्या लग्नाचा विषयही न काढणारी माणसं एकदम पुरोगामी होतात!

पण नॉमिनी म्हणजे मालक का? १९८४ मध्ये सुप्रीम कोर्टाने सरबती देवी खटल्यात सांगितलं की नाही. नॉमिनी फक्त पैसे स्वीकारतो, हक्क वारसांचा. हिंदू वारसा कायद्याने मृत्युपत्र आणि मूलबाळ नसलेल्या विवाहित पुरुषाचे पहिले वारस म्हणजे बायको आणि आई, दोघींना सारखा वाटा. वडील या पहिल्या यादीत नाहीतच. त्या हिशोबाने संध्याला २५ लाख, सासूला २५ लाख.

२०१५ मध्ये विमा कायद्याचं कलम ३९ बदललं. स्वतःच्या पॉलिसीवर जोडीदार, आईवडील किंवा मुलांना नॉमिनी केलं असेल, तर पैशाचा लाभही त्यांचाच, असं त्यात आलं. त्यामुळे संध्याची बाजू भक्कम होते. तरीही इतर वारसांनी दावा केला तर काय, यावर हायकोर्टांचे निकाल एकसारखे नाहीत. एक गोष्ट मात्र स्पष्ट आहे. वारसा म्हणून मिळालेला पैसा दुसरं लग्न केलं म्हणून विधवेच्या हातून जात नाही. मग तो नवरा चुलतदीर असो की आणखी कुणी.

सिनेमात भांडण कोर्टापर्यंत जात नाही. तेराव्याच्या दिवशी संध्या पैसे सासरच्यांसाठी ठेवते. इंग्रजीत एमए झालेली ही मुलगी आता स्वतः नोकरी करून आस्तिकसारखीच त्यांची काळजी घेणार असते. मग चुलतदिराला आणि जमलेल्या गोतावळ्याला तिथेच सोडून ती निघून जाते.